ताक आपले, लोणीही आपले



वस्तीतल्या बहुतेक घरांत सकाळी दुधाची एखादी पिशवी येते. निम्मे दूध चहात जाते, थोडे लहानग्याला, उरलेच तर रात्री विरजण लागते. तापवलेल्या दुधावर जी साय धरते ती चहाच्या गाळणीत अडकते आणि चोथ्याबरोबर फेकली जाते. म्हणजे पैसे मोजून घेतलेल्या दुधातला सगळ्यात महाग भाग आपण रोज मोरीत टाकतो. म्हणून या वेळी आरोग्यपानावर घरच्या लोण्याविषयी लिहायचे ठरवले. लिहिण्याआधी महिनाभर आम्ही स्वतः साय साठवली, घुसळली, वजन करून पाहिली आणि दोनदा फसलोही.

विहारातल्या महिलांच्या बैठकीत विषय काढला तेव्हा एक ताई म्हणाल्या, "एवढ्याशा सायीचं काय लोणी निघणार?" दुसऱ्या म्हणाल्या, "लोणी-तूप श्रीमंतांचं खाणं. आणि डॉक्टरांनी आमच्या घरात तेही बंद केलंय." कोपऱ्यात बसलेल्या एक आजी मात्र हसत होत्या. बहात्तरच्या दुष्काळात त्या मराठवाड्यातून कुटुंबासह मुंबईत आल्या. गावात असताना ज्या वाड्यावर त्या राबायच्या, तिथल्या म्हशींचे गवत त्यांनीच कापायचे, शेण त्यांनीच काढायचे, गोवऱ्या त्यांनीच थापायच्या. सकाळी ताकासाठी भांडे घेऊन वाड्याच्या कडेला उभे राहायचे. "आत घुसळायचा आवाज चालू असायचा," आजी म्हणाल्या, "पर डेरा कसा असतो ते कधी दिसलं न्हाई. ताक वरून वतायचे. अंगावर उडायचं."

मराठीत एक म्हण आहे, ताकाला जाऊन भांडे लपवणे. ही म्हण ज्यांनी केली त्यांना भांडे लपवण्याची सोय होती. आपल्या आयांचे आणि आज्यांचे भांडे गावाच्या डोळ्यांदेखत जमिनीवर ठेवलेले असे.

या आजींनी पहिल्यांदा रवी हातात धरली ती चाळिशी उलटल्यावर, या वस्तीत, पत्र्याच्या खोलीत. त्यांच्याकडूनच आम्ही हे काम शिकलो.

लोण्या-तुपाचा प्रश्न निव्वळ ऐपतीचा कधीच नव्हता, हे बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलन' या १९३६ सालच्या पुस्तकात दाखवून दिले आहे. जयपूर संस्थानातील चकवारा गावात यात्रेहून परतलेल्या एका अस्पृश्य माणसाने आपल्या लोकांना जेवण दिले. पाहुण्यांचा चांगला पाहुणचार करावा म्हणून पदार्थांत तूप घातले. पंगत बसलेली असतानाच शेकडो सवर्ण लाठ्या घेऊन धावून आले, अन्नाची नासाडी केली, जेवणाऱ्यांना मारहाण केली. गुन्हा एवढाच की अस्पृश्याने तूप वाढले आणि अस्पृश्यांनी ते खाल्ले. तूप विकत घेण्याइतके पैसे होते, पण तूप हे उच्चपणाचे चिन्ह मानले गेले होते. त्याआधी १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी उष्टे मागणे आणि मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडून द्या, असे सांगितले होते. काय खायचे, कुणाच्या हातचे आणि कोणत्या मानाने खायचे, हा आपल्या चळवळीचा पहिल्यापासूनचा विषय आहे.

आणि आपल्या धम्माला लोणी परके नाही. पालीत लोण्याला नवनीत म्हणतात. शरद ऋतूतल्या आजाराने भिक्खू कृश झाले, खाल्लेले अन्न पोटात ठरेना, तेव्हा भगवान बुद्धांनी तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी ही पाच औषधे घेण्याची परवानगी दिली, असे विनयपिटकात आहे. त्याला एक मर्यादाही घातली. आजारी भिक्खूने ही औषधे सात दिवसांपलीकडे साठवून ठेवायची नाहीत. हे सात दिवस लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहेत.

मज्झिम निकायातल्या भूमिज सुत्तात तर थेट घुसळण्याचाच दाखला आहे. भांड्यात पाणी भरून कुणी कितीही घुसळले, मनात इच्छा धरून घुसळले, तरी लोणी निघणार नाही. दही भरून घुसळले तर इच्छा धरा किंवा धरू नका, लोणी निघेलच. सुत्तातला अर्थ सम्यक मार्गाचा आहे, पण डेऱ्यापुरताही तो खराच आहे. लोणी नवसाने येत नाही आणि कुणाच्या 'हातगुणाने'ही येत नाही. ते दुधातल्या स्निग्धांशाने आणि योग्य गारव्याने येते.

दूध कोणते, साय किती

दुधातली चरबी अतिशय बारीक थेंबांच्या रूपात तरंगत असते. प्रत्येक थेंबाभोवती पातळ पापुद्रा असतो, म्हणून ते एकमेकांना चिकटत नाहीत. दूध तापवून निवले की त्यातले बरेच थेंब वर येतात आणि सायीत अडकतात. साय आंबवून घुसळली की पापुद्रे फुटतात, थेंब थेंबाला चिकटतो आणि गोळा होतो. लोणी म्हणजे एवढेच.

म्हणून आधी पिशवीवरचे लिहिलेले वाचा. सरकारी नियमाप्रमाणे फुल क्रीम दुधात किमान ६ टक्के स्निग्धांश असतो, टोन्डमध्ये ३ टक्के, डबल टोन्डमध्ये दीड टक्का. अर्धा लिटर फुल क्रीममध्ये साधारण ३० ग्रॅम चरबी असते, टोन्डमध्ये त्याच्या निम्मी. त्यातली सगळी काही सायीत उतरत नाही. पिशवीवर 'होमोजिनाइज्ड' असे छापले असेल तर यंत्राने चरबीचे थेंब आणखी बारीक केलेले असतात, ते सहज वर येत नाहीत आणि साय पातळ धरते. आम्ही रोज अर्धा लिटर फुल क्रीम दुधाची साय सात दिवस साठवली तेव्हा शंभर ग्रॅमच्या आसपास लोणी निघाले. टोन्ड दुधाच्या सायीने निराशा केली. ज्यांच्या घरी टोन्ड दूधच परवडते त्यांनी लोण्यासाठी महाग दूध घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्या घरात दही लावा, ताक करा, तेवढ्याने काम भागते. का, ते पुढे येईलच.

काही वस्त्यांत तबेल्याचे सुटे म्हशीचे दूध मिळते. त्याला साय दाट धरते, लोणीही भरपूर निघते. पण सुटे दूध उकळल्याशिवाय कशालाच वापरायचे नाही. कच्च्या दुधातून क्षयाचे आणि ब्रुसेलोसिससारख्या तापाचे जंतू माणसात येतात. कच्च्या दुधाची साय काढून लोणी करणे म्हणजे हे जंतू लोण्यात नेणे. 'धारोष्ण दूध ताकदीचे' ही समजूत आपल्यातही आहे, ती सोडलेली बरी. पिशवीचे दूध पाश्चराइज्ड असते, तरी दुकानात ते किती वेळ उन्हात पडले होते हे आपल्याला माहीत नसते, म्हणून तेही एक उकळी आणूनच वापरावे.

दूध उतू जाण्याच्या बेतात आले की आच मंद करा आणि पाच-सात मिनिटे तसेच राहू द्या. निवल्यावर जाळीचे झाकण ठेवा. गच्च झाकण लावले तर वाफेचे पाणी पडून साय मोडते. चार-पाच तासांनी, किंवा फ्रिज असेल तर रात्रभर ठेवून, सकाळी साय अलगद काढायची.

साठवण्याची पद्धत आजींनी सांगितली ती अशी. पहिल्या दिवशीच्या सायीत चमचाभर दही घालायचे आणि पुढच्या सायी त्याच भांड्यात घालत जायच्या, दर वेळी स्वच्छ कोरड्या चमच्याने ढवळून. गोडी साय दुसऱ्या दिवशी वास मारू लागते, विरजलेली साय टिकते. आंबटपणामुळे नासवणारे बरेच जंतू वाढत नाहीत. फ्रिज असेल तर भांडे सात दिवस ठेवता येते. फ्रिज नसेल तर थंडीत तीन दिवस आणि उन्हाळ्यात फार तर दीड-दोन दिवस. त्यापुढे वाट पाहू नका, थोडी का असेना, घुसळून टाका. सायीवर हिरवी-काळी-गुलाबी बुरशी दिसली तर वरवर काढून वापरायची नाही, सगळी फेकायची. जीव हळहळतो, पण फेकायची.

फ्रिज नसलेल्यांसाठी जुनी दुसरी पद्धत जास्त सोयीची. रोजच्या रोज सगळ्या दुधाचेच दही लावायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते सायीसकट घुसळायचे. गावाकडचा डेरा असाच चाले. लोणी कमी दिसते, पण ताजे असते आणि ताक भरपूर होते.

घुसळण

गावाकडे घुसळण्यासाठी मातीचा डेरा, लाकडी रवी, घुसळखांब आणि दोर असे सगळे लागे. रवीच्या दांड्याला दोराचे दोन-तीन वेढे द्यायचे आणि दोराची टोके आळीपाळीने ओढायची, रवी एकदा उजवीकडे फिरते, एकदा डावीकडे. मातीच्या भांड्याच्या अंगातून पाणी पाझरून वाळत राहते, त्यामुळे आतले दही आपोआप गार राहते. जुन्या लोकांना हे अनुभवाने कळलेले होते. आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत घुसळखांब कुठून आणणार? आजींनी लोखंडी पलंगाच्या पायाला सुतळीची दोन कडी बांधून त्यात रवी अडकवली आणि खाली स्टीलचा उभा डबा ठेवला. तेवढे जमत नसेल तर छोटी रवी दोन तळव्यांत धरून फिरवली तरी चालते. घट्ट झाकणाची मोठी बरणी अर्धी भरून हलवली तरीही लोणी येते, फक्त बरणी निम्म्यावर भरू नये, आत खेळायला जागा हवी. मिक्सर वापरायचा तर थांबून थांबून फिरवा, सलग फिरवला की भांडे तापते.

तांब्या-पितळेच्या बिनकल्हईच्या भांड्यात हे काम करू नका. आंबट दह्या-ताकाने धातू उतरतो.

आमचे पहिले लोणी फसले ते वैशाखी पौर्णिमेच्या वेळी. विहारात खीरदानासाठी मोठी पातेली भरून दूध तापवले होते. वरची साय काढून विरजली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी चौघी-पाच जणी मोठ्या हौसेने घुसळायला बसलो. पाऊण तास झाला, हात भरून आले, वर नुसता तेलकट फेस. कुणी म्हणे दूध भेसळीचे, कुणी म्हणे विरजण वाईट. आजींनी पातेल्याला बाहेरून हात लावला आणि म्हणाल्या, "तापलंय की हे. आता निस्तं पाणी घुसळल्यावानी हाय. पहाटं या." पातेले गार पाण्याच्या परातीत ठेवले, भोवती ओले फडके गुंडाळले. पहाटे पाच वाजता तेच दही पंधरा मिनिटांत फुटले.

कारण सोपे आहे. चरबी फार ऊबदार असली तर ती तेलासारखी पातळ राहते, गोळा धरत नाही. फार गार असली तर कडक होते आणि कण एकमेकांना चिकटत नाहीत. १२ ते १५ अंश सेल्सिअसच्या आसपास लोणी चांगले येते. थर्मामीटर कुणाकडे असणार? भांड्याला हात लावल्यावर माठातल्या पाण्यापेक्षा थोडे जास्त गार वाटले पाहिजे, एवढी खूण पुरे. उन्हाळ्यात गार पाणी किंवा बर्फ घाला, कडक थंडीत थोडे कोमट पाणी घाला.

आधी फेस येतो. मग दाट होऊन रवी जड चालते. इथेच बहुतेक जण कंटाळून सोडतात. थोडे थांबा, आवाज बदलतो. भदभद असा जाड आवाज जाऊन पाण्यासारखा खळखळ येतो, आणि पृष्ठभागावर रव्यासारखे पिवळसर-पांढरे कण दिसू लागतात. म्हशीचे लोणी पांढरे असते, गायीचे जरा पिवळे, म्हणून पांढरे लोणी पाहून घाबरू नका. कण दिसले की जोर थांबवायचा, वाटीभर गार पाणी घालायचे आणि रवी हळूहळू फिरवायची. कण एका जागी येतात. हात गार पाण्यात बुडवून गोळा उचलायचा, म्हणजे तो हाताला चिकटत नाही.

हे काम बाईचेच असे काही नाही. आमच्या घुसळणीत सगळ्यात चांगला हात एका नववीतल्या मुलाचा निघाला.

पाणी

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख खरे तर लिहायचा होता, ती. गावातल्या जुन्या पद्धतीत कुणी सांगणार नाही, पण वस्तीत राहणाऱ्याला हे आधी कळले पाहिजे. दूध उकळले, विरजण स्वच्छ घेतले, भांडी घासली, आणि घुसळताना घातलेले पाणी सार्वजनिक नळाचे तसेच घातले तर सगळे व्यर्थ. आपल्याकडे पाणी तासा-दोन तासांपुरते येते, पाइप गटाराला लागून जातात, पिंपात ते दोन दिवस राहते. घुसळल्यावर ताक पुन्हा उकळत नाही, लोणी धुतल्यावर तेही उकळत नाही. त्या पाण्यातले जुलाबाचे, काविळीचे, टायफॉइडचे जंतू थेट पोटात जातात. आणि ताक सगळ्यात आधी पिणार कोण? लहान मूल आणि घरातले म्हातारे माणूस.

म्हणून नियम एकच. ताकात आणि लोणी धुवायला जे पाणी लागेल ते आदल्या रात्री चांगले उकळा, झाकून गार करा, माठात किंवा फ्रिजमध्ये ठेवा. गॅस वाचवायचा म्हणून भात शिजल्यावर त्याच आचेवर पाणी ठेवता येते. बर्फ हवा असेल तर त्याच उकळलेल्या पाण्याचा घरी करा. दुकानाची लादी मासळी आणि बाटल्या गार करण्यासाठी असते, पोटात घालण्यासाठी नव्हे. रवीच्या पाकळ्यांच्या खाचांत जुने दही अडकून राहते, त्यामुळे वापरल्यावर तिच्यावर उकळते पाणी ओतून उन्हात वाळवा. मातीचा डेरा असेल तर साबण लावू नका, माती साबण शोषते. गरम पाण्याने विसळून ऊन द्या.

काढलेला गोळा गार पाण्यात हलक्या हाताने दाबून दोन-तीनदा धुवायचा, निवळ पाणी येईपर्यंत. आत ताक राहिले की लोणी लवकर आंबते आणि वास धरते. धुतलेले लोणी उकळून गार केलेल्या पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवा, पाणी रोज बदला. चार-पाच दिवस चांगले राहते. सात दिवसांपलीकडे ठेवू नका. विनयातले सात दिवस आठवले ना? फ्रिज नसेल तर त्याच दिवशी खायचे तेवढे ठेवून बाकीचे कढवा.

कुणाच्या ताटात किती

लोण्यात चरबीशिवाय फारसे काही नसते, हे सांगितलेच पाहिजे. शंभर ग्रॅम लोण्यात ७०० पेक्षा जास्त कॅलरी, म्हणजे एका छोट्या चमच्यात पस्तीसच्या आसपास. अ जीवनसत्त्व असते. प्रथिने नावालाच, कॅल्शियम नावालाच, लोह जवळपास नाही. त्यातली निम्म्याहून जास्त चरबी संपृक्त प्रकारची, जी जास्त झाली की रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल वाढते. दुधातली प्रथिने आणि कॅल्शियम राहतात कुठे? ताकात. ज्याला वाड्यावरून फेकल्यासारखे ओतले जाई, त्याच ताकात. अर्थात त्या ताकात पाणीच जास्त असे, आणि राबणाऱ्या शरीराला लागणारी ताकद आतल्या गोळ्यात राहत असे. म्हणून ताकाचे गोडवे गाऊन कुणी आपली समजूत घालू नये. पण आज डेरा आपला आहे, तेव्हा दोन्हीची किंमत आपणच ठरवायची.

आमचे म्हणणे असे की दाट ताक घरातल्या प्रत्येकाला रोज पेलाभर मिळावे आणि लोणी गरजेप्रमाणे वाटावे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत २००० कॅलरींच्या ताटात वरून घालायचे तेल-तूप मिळून दिवसाला २७ ग्रॅम धरले आहे. म्हणजे लोणी खाल्ले तर तेवढे तेल भाजीतून कमी करायचे. मोठ्या माणसाला भाकरीवर एक चमचा पुष्कळ झाले. हृदयविकार, मधुमेह, वाढलेले कोलेस्टेरॉल असणाऱ्यांनी डॉक्टरांनी घातलेले पथ्य मोडू नये, 'घरचे आहे' म्हणून चरबी बदलत नाही. बाजारच्या बटरमध्ये ३ टक्क्यांपर्यंत मीठ असू शकते, घरच्यात नसते, एवढा फरक रक्तदाबाच्या रुग्णाला लाभाचा आहे. त्याने ताकातही मीठ घालू नये, जिरेपूड पुरे. पावभाजीच्या गाडीवर तव्यावर पडणारा पिवळा गोळा नेहमी लोणीच असतो असे नाही. तो पुष्कळदा वनस्पती तेलापासून केलेला मार्जरिनसारखा पदार्थ असतो, वेष्टनावर तसे लिहिलेले असते, पण गाडीवर वेष्टन कोण दाखवतो?

सगळ्यात आधी लोणी कुणाला, तर वजन कमी असलेल्या लहान मुलाला. सहा महिन्यांनंतर वरचे अन्न सुरू केले की नाचणीच्या खिरीत, मऊ वरण-भातात पाव-अर्धा चमचा लोणी, तूप किंवा तेल घाला. मुलाचे पोट लहान असते, थोड्या घासात जास्त ताकद जाते. अंगणवाडीत वजन करून घ्या, आलेख वर सरकतो की नाही ते स्वतः पाहा. सहा महिन्यांच्या आत मात्र आईच्या दुधाशिवाय काहीही नाही. लोणी नाही, मध नाही, घुटी नाही, पाणीसुद्धा नाही. बाळाच्या नाळेला लोणी-तूप लावू नका, ती कोरडी ठेवा.

गरोदरपणात लोणी खाल्ले की बाळंतपण सुकर होते, असे अजून सांगितले जाते. लोणी पोटातून त्या वाटेला जातच नाही. गरोदर ताईला लोहाची गोळी, हिरवी पालेभाजी, चवळी, हरभरे, अंडी, जमेल तेव्हा कलेजी-मटण यांची गरज जास्त आहे. आणि लोहाची गोळी ताक, दूध किंवा चहाबरोबर घेऊ नका. दूध-ताकातले कॅल्शियम आणि चहातली तुरट द्रव्ये लोह अंगी लागू देत नाहीत. दोन तासांचे अंतर ठेवा.

भाजले-पोळले तर लोणी लावायचे नाही. ते उष्णता आत कोंडते आणि जखमेत जंतू नेते. वीस मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरा आणि दवाखाना गाठा.

आता एक कडू गोष्ट. आमच्या महिनाभराच्या घुसळणीत एका घरी आम्ही पाहिले, गोळा निघाला तो मुलाच्या भाकरीवर गेला, शाळेतून आलेल्या मुलीला ताक मिळाले, आणि ज्या माउलीने घुसळले तिने भांडे विसळून प्याले. कुणाला त्यात वावगे वाटले नाही. वाड्यावरही कुणाला वावगे वाटत नसे. मुलगी बारा वर्षांची होती, वयात येणारी, डोळ्यांच्या पापण्या आतून पांढऱ्या. तिला लोण्यापेक्षा रक्ततपासणीची गरज होती आणि ती आम्ही करवून घेतली, हिमोग्लोबिन कमीच निघाले. पण पुढच्या आठवड्यात त्याच घरात गोळ्याचे चार वाटे झाले, ते तिच्या वडिलांनी स्वतःच्या हाताने केले.

उरलेले लोणी कढवताना जाड बुडाचे भांडे घ्या, आच मंद ठेवा. आधी फेस, मग तडतड, तडतड थांबली आणि तळाशी बदामी कण बसले की उतरवा. शंभर ग्रॅम लोण्याचे पाऊणशे-ऐंशी ग्रॅम तूप होते. पाणी उडून गेल्यामुळे ते कोरड्या बरणीत महिना-दोन महिने बाहेर टिकते. ओला चमचा मात्र घालू नका.

तळाशी राहते ती बेरी. आजींच्या खोलीत आम्ही पहिल्यांदा तूप कढवले तेव्हा दारात सहा-सात पोरे जमली होती. आजींनी बेरीत गूळ किसून घातला, गरम भांड्यातच चपातीचे तुकडे कालवले आणि प्रत्येकाच्या हातावर एकेक घास ठेवला. भांडे घासायची वेळच आली नाही.